दोन भाडेकरू, एक कायदा

मुंबईच्या जुन्या वस्तीत एखादे कुटुंब महिना दोन-अडीचशे रुपये भाड्याच्या खोलीत तीन पिढ्या राहत असते. त्याच रस्त्यावरील नव्या इमारतीत एखादा तरुण शिक्षक तेवढ्याच जागेसाठी निम्मा पगार मोजतो आणि अकरा महिने संपत आले की बिऱ्हाड हलवण्याच्या चिंतेत पडतो. दोघांनाही लागू असलेला कायदा मात्र एकच आहे. तो एकाला वारसाहक्काने संरक्षण देतो आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच देत नाही.

ही विषमता कशी उद्भवली? महायुद्धामुळे व फाळणीमुळे घरांची टंचाई भासू लागली, तेव्हा १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले. हेतू न्याय्य होता. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक चालला. महागाई वाढत गेली, भाडे गोठलेलेच राहिले. मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही. उघड भाड्यात जे मिळत नव्हते ते पागडीच्या रूपाने चोरवाटेने वसूल होऊ लागले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच असे गोठलेले भाडे काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचा निर्वाळा दिला.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अंमलात आला. त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली आणि भाड्यात दरसाल चार टक्के वाढ ठरवली. शंभर रुपये भाड्यावर ही वाढ पहिल्या वर्षी चार रुपये भरते; तेवढ्यात गळके छप्पर दुरुस्त होत नाही. पावसाळ्यात इमारत कोसळते, तेव्हा ढिगाऱ्याखाली सापडतो तो बहुधा कायद्याने संरक्षण दिलेला भाडेकरूच.

दुसरीकडे 'लीव्ह अँड लायसन्स'चा इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा कराराने राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्याची धास्ती घेऊन अनेक मालकांनी घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावणे पत्करले. नव्या कायद्याने ही भीती दूर केली. मुदत संपताच जागा सोडली नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळवता येतो. मात्र करार पुन्हा होईल की नाही व कोणत्या दराने, हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर राहिले.

भविष्यनिर्वाह निधीतून दुसरी सदनिका घेणाऱ्या निवृत्त कारकुनानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसे न केल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित असावी, अशी त्यात तरतूद आहे. पण तो जुन्या भाडेकरारांना हात लावत नाही आणि मूळ दुखणे तर तेथेच आहे. जुनी भाडी टप्प्याटप्प्याने महागाईशी जोडावीत. ज्या वृद्धांना वा विधवांना ती झेपणार नाहीत, त्यांचा भार शासनाने उचलावा. नव्या करारांना किमान तीन वर्षांची मुदत व आधी ठरलेली भाडेवाढ असावी.

गरजूला आसरा देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. परंतु त्याचा खर्च एकट्या घरमालकाच्या माथी मारला की काय होते, हे पडक्या चाळी आपल्याला दर पावसाळ्यात दाखवत आहेत.