मेरिटचं सोवळं

मेरिट नावाचं एक सोवळं आहे. आपण दारात दिसलो की ते नेसायचं, थैलीवाला आला की खुंटीला टांगायचं. राखीव जागांवरची चर्चा ऐकताना मला खरी चीड येते ती तिच्यातल्या नीतीची.

ते म्हणतात, कमी मार्कांचा डॉक्टर पेशंट मारील. ठीक आहे. पेशंटच्या जिवाची एवढी कळकळ असेल तर ती सगळीकडे दिसू द्या. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित मेडिकल, इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. देणग्या घेऊन जागा विकल्या गेल्या. तेव्हा बुटाचं ब्रश घेऊन कोणी रस्त्यावर बसलं नाही. बसले ते १९९० साली, मंडल येतोय म्हटल्यावर. आणि निषेध काय, तर बूट पॉलिश! ज्या कामात आपल्या माणसांच्या पिढ्या झिजल्या, ते यांना घटकाभर करणंसुद्धा शिक्षा वाटली.

पुढं २०२३ साली मेडिकलच्या पदव्युत्तर प्रवेशाचं पात्रता पर्सेंटाइल सर्वच गटांसाठी शून्यावर आणलं. का, तर जागा रिकाम्या राहू नयेत. म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. पेशंट तेव्हाही तोच होता ना?

१९९२ साली सुप्रीम कोर्टानं राखीव जागांना ५० टक्क्यांची मर्यादा घातली, निव्वळ आर्थिक निकषावरचे १० टक्के रद्द केले. २०१९ साली घटनादुरुस्ती करून ते १० टक्के परत आले. त्यातून दलित, आदिवासी, ओबीसींतले गरीब वगळले. ७ नोव्हेंबर २०२२ ला कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी ते उचलून धरले. एवढ्या वर्षांत लक्ष्मणरेषा म्हणून मिरवलेली मर्यादा गुपचूप ओलांडली गेली. मेरिटचा खून झाला म्हणून कोणी छाती बडवली नाही.

जो नियम एकालाच लागू होतो तो नियम नव्हे, तो बंदोबस्त.

मार्कांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण राखीव असतो तो प्रवेश. पास व्हायची परीक्षा सगळ्यांना एकच असते. एवढी साधी गोष्ट वादात कोणी बोलत नाही.

आणि आपली पोरं काय करतात? 'मी ओपनमधून आलोय' म्हणून सांगत सुटतात. म्हणजे त्यांचाच तराजू मान्य करून त्यात चढून बसतात. दोस्तांनो, कोणी मेरिट विचारलं तर मार्कशीट काढू नका. आधी त्याला विचारा, हे माप तू आजवर कुणाकुणाला लावलंस?