बोटुकलीला लवंगतेल चालेल, ताटातल्या माशाला नको

सुरतेच्या वरच्या अंगाला तापीवर उकाईचे धरण आहे. त्याचा फुगवटा थेट नवापूर तालुक्यात शिरतो. या पट्ट्यात गोड्या पाण्यातली मासेशेती म्हणजे मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ. त्यांची बोटुकली टेम्पोतून येते, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून. पिल्ले घाबरून धडपडतात, पिशवीतला प्राणवायू झपाट्याने संपवतात, आणि पाण्यात अमोनिया व कार्बन डायऑक्साइड साठत जातो. खवले निघालेली पिल्ले तळ्यात सोडल्यावर चार दिवसांनी बुरशी लागून मरतात. ते नुकसान शेतकऱ्याच्या वहीत चढतच नाही.

म्हणून पाण्यात थोडे लवंगतेल घालण्याचा उपाय आम्हाला मोलाचा वाटतो. त्यातले युजेनॉल कल्ल्यांतून रक्तात जाते आणि मासा शांत होतो. प्रवासासाठी लिटरमागे काही मिलिग्रॅम पुरतात. अंडी घेण्यासाठी संप्रेरकाचे इंजेक्शन द्यायचे असेल, तर ४० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत जावे लागते. पाच-सहा किलोची मादी हातात तडफडत असताना सुई टोचणे तिच्यासाठी क्रूर आणि माणसासाठी अवघड असते. इथे भूल द्यावीच.

पण वनस्पतीतून आले म्हणजे सौम्य, हा समज मासेशेतीत तरी टिकत नाही. तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतात, आणि तीही झाडाचीच देणगी आहे. लवंगतेलाची मात्रा चढली तर पिल्ले तळाशी एकमेकांवर पडून गुदमरतात. मे महिन्यातल्या कोमट पाण्यात ते लवकर भिनते. शिवाय बाजारातल्या प्रत्येक बाटलीत युजेनॉल सारखेच असेल याची खात्री नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये मिसळावे लागते. झाकणाने मोजून ओतण्याचे हे काम नव्हे.

खरा पेच खाण्याच्या माशाचा. बोटुकली ताटात यायला कित्येक महिने लागतात, तोवर औषध शरीरातून निघून गेलेले असते. जिवंत विकलेला मासा मात्र त्याच संध्याकाळी कढईत जातो. अमेरिकेत ट्रायकेन या मान्यताप्राप्त भुलीनंतर २१ दिवस थांबावे लागते, आणि खाण्याच्या माशांसाठी साध्या लवंगतेलाला तिथे मान्यता नाही. न्यूझीलंडने आयसोयुजेनॉल या जवळच्या रसायनाला थांबण्याची अट न घालता परवानगी दिली, तर अमेरिकी चाचणीत त्याच रसायनाने नर उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. उंदराला दिलेली मात्रा आणि माशातला अंश यांत फार अंतर आहे, हे मान्य. तरीही गोव्यात जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून बाहेरच्या मासळीला बंदी घालावी लागली होती. गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा उडाला की प्रामाणिक विक्रेताही त्यात भरडला जातो.

आमचे मत असे: बीज आणि प्रजनक माशांसाठी लवंगतेलाला मोकळीक द्यावी. विक्रीच्या जिवंत माशासाठी ते वापरू नये, निदान थांबण्याचे दिवस ठरून ते तपासण्याची सोय होईपर्यंत. तोवर मासा एक दिवस उपाशी ठेवावा, पहाटेच्या गारव्यात काढावा आणि टाकीत गर्दी कमी ठेवावी. बीजकेंद्रांनी युजेनॉलचे प्रमाण छापलेली बाटली आणि पाण्याच्या तापमानानुसार मात्रेचा मराठी-गुजराती तक्ता बिजासोबतच द्यावा.