बोदवडचा डॉक्टर कोठे घडावा?

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतमजूर, सर्पदंश झालेले पोर, अडलेली बाळंतीण: बोदवडसारख्या तालुक्यात हे सारे एकाच डॉक्टरच्या दारी येतात. कोणावर तेथेच उपचार करावयाचे आणि कोणाला विनाविलंब जळगावला धाडावयाचे, हे त्याला तुटपुंज्या साधनांनिशी ठरवावे लागते. हे कौशल्य विशेषज्ञाच्या कौशल्याहून दुय्यम नव्हे. भोर समितीने १९४६ सालीच समाजाभिमुख ‘मूलभूत डॉक्टर’ घडविण्याची शिफारस केली होती. जळगावात २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. परंतु शहरी रुग्णालयाच्या चार भिंतींत हे कौशल्य अंगी बाणणार नाही. प्रशिक्षणाचा मोठा भाग तालुक्याच्या रुग्णालयांतच झाला पाहिजे. डॉक्टर खेड्यात जात नाहीत, ही तक्रार पुरे. त्यांना खेड्यात शिकवा, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी.