‘ऑल-इन’ व्हायच्या आधी पोकरवाल्यांचं गणित शिका



आज आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी ट्रेनिंगमध्ये एक वाक्य ठासून सांगायचो, “धंदा करायचाय ना? मग ऑल-इन व्हा!” टाळ्या पडायच्या. एका बॅचमधल्या मुलाने ते मनावर घेतलं. त्याचं नाश्ता सेंटर बरं चाललं होतं. त्याने एफडी मोडली, आईचे दागिने गहाण ठेवले आणि दुसरी शाखा टाकली. सहा महिन्यांत समोरचा रस्ता कामासाठी बंद झाला. दुसरी शाखा बसली आणि तिचे हप्ते भरता भरता पहिलीही गेली. त्याचा फोन आला, पण भांडायला नाही. “सर, माझं चुकलं कुठे?” एवढंच त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

‘ऑल-इन’ हा शब्द पोकरचा. म्हणून म्हटलं, ज्यांचा हा शब्द आहे ती माणसं तो कधी वापरतात ते तरी बघू. पोकर टुर्नामेंटची स्ट्रॅटेजी वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की आम्ही स्टेजवरून शब्द उचलला, त्याच्यामागचं गणित तिथेच सोडून आलो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी तुम्हाला जुगार खेळा म्हणत नाहीये. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. गणित शिकायला पैसे लावावे लागत नाहीत. घरी मित्रांबरोबर कवड्या किंवा बटणं घेऊन बसा, पुरे.

आता त्यांचे चार धडे बघा.

१. एका एंट्रीत सगळा पैसा नाही

टुर्नामेंटमध्ये एंट्री फी भरून चिप्स मिळतात आणि चिप्स संपल्या की माणूस बाहेर. चांगला खेळाडूसुद्धा बहुतेक वेळा बक्षिसाशिवाय घरी जातो. म्हणून जाणते लोक सांगतात, साधारण १०० एंट्री फी भरता येतील एवढी रक्कम बाजूला असावी आणि ती घरखर्चाची नसावी.

२००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर जिंकलेल्या ख्रिस मनीमेकरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. टेनेसीचा साधा अकाउंटंट, ८३९ खेळाडूंत पहिला आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. मोटिव्हेशनवाले इथेच थांबतात. पण मुख्य स्पर्धेची फी १०,००० डॉलर होती आणि ती त्याने खिशातून भरलीच नव्हती. ८६ डॉलरची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा खेळून त्याने ती जागा मिळवली होती. म्हणजे हरला असता तर गेले असते ८६ डॉलर. घर गेलं नसतं.

२. चिप्स दुप्पट म्हणजे पैसे दुप्पट नाहीत

हा धडा खरा ॲडव्हान्स्ड आहे. याला आयसीएम म्हणतात. समजा १० जणांनी १,००० रुपये भरले. बक्षिसं ५,०००, ३,००० आणि २,०००. शेवटी तिघं उरले. एकाकडे निम्म्या चिप्स, दुसऱ्याकडे ३० टक्के, तिसऱ्याकडे २० टक्के. निम्म्या चिप्सवाल्याची खरी किंमत किती? तुम्ही म्हणाल ५,०००. गणित सांगतं, साधारण ३,८४०. आणि सगळ्यात लहान गड्याची? जवळजवळ २,८९०! कारण पहिल्याला सगळ्या चिप्स मिळाल्या तरी बक्षीस निम्मंच मिळतं, आणि टिकून राहणाऱ्यालाही काहीतरी मिळतंच.

अर्थ असा, की हातातली चिप गमावताना होणारं नुकसान नवी चिप मिळवण्याच्या फायद्यापेक्षा मोठं असतं. धंद्यातही तेच. टर्नओव्हर दुप्पट झाला म्हणून घरात येणारा पैसा दुप्पट होत नाही. पण खेळतं भांडवल शून्य झालं की सगळंच शून्य. म्हणून ‘फिफ्टी-फिफ्टी चान्स आहे सर’ हे कारण पुरत नाही. जे आहे तेच पणाला लागत असेल, तर चान्स पन्नासपेक्षा बराच जास्त हवा.

३. किती फेऱ्या तग धराल, ते मोजा

पोकरमध्ये हात खेळा किंवा टाका, दर फेरीला ठरलेल्या चिप्स भराव्याच लागतात, आणि ही रक्कम वाढत जाते. खेळाडू आपल्या चिप्सना एका फेरीच्या खर्चाने भागतात. १२,००० चिप्स आणि फेरीचा खर्च १,५०० असेल, तर ८ फेऱ्या. या आकड्याला ते ‘एम’ म्हणतात.

तुमचा एम काढा. बँकेतली शिल्लक भागिले दुकानभाडं, पगार, वीजबिल, हप्ते. आठ महिने असतील तर चांगल्या संधीची वाट बघा. तीनवर आलात तर हालचाल करा. सगळ्यात वाईट म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत गप्प बसणं. चिप्स अगदी थोड्या उरल्या की तुमच्या ऑल-इनला कुणी घाबरत नाही. तसंच खिशात पंधरा दिवसांचे पैसे असताना घरमालक भाडं कमी करत नाही आणि सप्लायर उधारी वाढवत नाही.

४. निकालावरून निर्णयाला मार्क देऊ नका

चांगला डाव हरतो, वाईट डाव जिंकतो. पोकरवाले हरल्यावर विचारतात, “त्या क्षणी मला जे माहीत होतं, त्यावरून निर्णय बरोबर होता का?” आपण मात्र जिंकलेल्याला हार घालतो आणि हरलेल्याला मूर्ख ठरवतो.

“पण सर, रिस्क घेतल्याशिवाय कोण मोठं झालंय?” बरोबर आहे. पोकरमध्येही नुसतं बसून राहणारा झिजून संपतो. ऑल-इनही व्हावंच लागतं कधीतरी. माझं म्हणणं एवढंच, की रिस्क मोजून घ्या, आणि एक डाव हरलात तरी दुसऱ्या दिवशी शटर उघडता आलं पाहिजे.

आता त्या मुलाचं उत्तर. रस्ता बंद झाला ही त्याची चूक नव्हती, ते नशीब. चूक ही होती, की एका वाईट पत्त्यावर त्याचं सगळं संपणार होतं. आणि रस्ता चालू राहिला असता तर मी त्याला स्टेजवर बोलावून सत्कार केला असता! निर्णय तेव्हाही चुकीचाच असता, फक्त कुणाला कळला नसता. मलाही नाही.

मी त्याला फोन करून हे सांगितलं. आता तो एका हातगाडीवर पोहे विकतो. त्याचा एम आज पाच आहे, दर महिन्याला तो मोजतो.

तुमचा किती आहे? आज रात्री हिशोबाची वही काढा आणि भागाकार करा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.