वर्गणी आणि सिमेंटची पोती

क्रॉयडन येथील पर्ली वेवर जुन्या वीजकेंद्राची दोन धुरांडी आजही उभी आहेत. ते केंद्र 1984 साली बंद पडले. पायथ्याशी आता फर्निचरचे भव्य दुकान आहे. पुढे 30 सप्टेंबर 2024 रोजी ब्रिटनमधील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्रही थांबले आणि काँक्रीटात मिसळावयाची ताजी राख येथे निघेनाशी झाली. चंद्रपूर-कोराडीस मात्र ती रोज निघते. असे असता कोकणातील प्रार्थनामंदिरांच्या दुरुस्तीस वर्गणी धाडताना आपण ‘चोख सिमेंटच वापरा, राख नको’ असे बजावतो. हा आग्रह चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सिमेंट पाण्याने घट्ट होताना त्यातून चुना मोकळा होतो. हा चुना बळ देत नाही, उलट पाण्याबरोबर झिरपून जातो. बारीक राख त्याच्याशी संयोग पावून नवे बंधक द्रव्य निर्माण करते, छिद्रे बुजतात आणि खाऱ्या हवेतील क्षार लोखंडी सळ्यांपर्यंत सहजी पोहोचत नाहीत. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटात 15 ते 35 टक्के राख असते. ती भेसळ नव्हे. हेरोद राजाने कैसरियाचे बंदर बांधिले, तेव्हा त्याकरिता नेपल्सच्या उपसागराकडून ज्वालामुखीची राख जहाजांतून आणविली होती!

हे झाले नव्या स्लॅबविषयी. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीस मात्र राखमिश्रित सिमेंटही नको. त्याच्या गिलाव्याखाली पावसाळ्यातील ओल कोंडते, गिलावा फुगतो व आतील वीट झिजते. तेथे चुना आणि सुरखीच हवी. सुरखीही बेताच्या भाजलेल्या विटांची असावी. जळून खंगर झालेल्या विटांची पूड निरुपयोगी. शनवार तेली म्हणून घाणा फिरविणाऱ्या आपल्या पूर्वजांना चुन्याच्या घाणीचे नवल वाटले नसते.

अडचण एकच आहे, व ती लपविण्यात अर्थ नाही. राखेच्या काँक्रीटास बळ सावकाश येते. किमान 10 दिवस ते ओले ठेवावे लागते. चुन्याला तर त्याहून अधिक सबुरी लागते. रोश हशानापूर्वी काम उरकण्याची मुकादमांना घाई, ठेकेदाराला त्याहून अधिक. तेव्हा पुढील रक्कम धाडण्यापूर्वी आपण दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : भिंत मुळात कशात बांधलेली आहे, आणि नव्या कामावर पाणी किती दिवस मारणार?