शाळा पाहून बिऱ्हाड हलवा



बेणे घेताना आपण फडात हिंडतो, कांडीचा डोळा तपासतो. मग पोराची बदली झाली, बिऱ्हाड परतालुक्यात निघाले, की तिथली जिल्हा परिषदेची शाळा न पाहताच “झेडपीची ना? मग नको” असे कसे म्हणतो?

रंगवलेल्या भिंतींवर जाऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी जा. गुरुजी वर्गात आहेत का, मुलींच्या शौचालयात पाणी आहे का, बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक हवेत, ते मोजा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात; मागची बैठक कधी झाली, विचारा. गुरुजींना विचारून तिसरीच्या चार पोरांकडून दुसरीचे पुस्तक वाचून घ्या. घडाघडा वाचले, तर बेलाशक नाव घाला. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश अडवता येत नाही.

न पाहताच आपण पोरे दुसरीकडे घालतो. पट घटतो, शिक्षकाचे पद जाते, आणि मग आपणच म्हणतो, शाळा बुडाली. बुडवली कोणी? याचा विचार व्हावा.