गौरवाचे वजन

शांतता, न्याय आणि अहिंसा यांसाठी झटलेल्या माणसांचा यथोचित गौरव करणारे शहर अशी पुण्याची स्वतःविषयीची समजूत आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, पुतळा, पुलाला नाव. यांपैकी कशाचीच येथे वाण नाही. 'गौरव' हा शब्द 'गुरु' म्हणजे जड यावरून आला. एखाद्याचे वजन मान्य करणे, हा त्याचा मूळ अर्थ. आमचा प्रश्न एवढाच आहे, की ते वजन उचलायचे कोणी?

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा सरकारी सत्कार झाला. त्यांच्या शाळांच्या कार्याला त्यामुळे बळ मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती शाल पांघरताना राज्यकर्त्यांना स्वतःचे काही गमवावे लागले नव्हते. 'महात्मा' ही पदवी पुण्याच्या या माणसाला मिळाली ती ११ मे १८८८ रोजी, मुंबईत. पुढे १९२५ साली पुणे नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला कडवा विरोध झाला आणि तो फेटाळला गेला. फुल्यांना जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. या वादातून दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. विरोधकांना दगडाचे वावडे नव्हते. पुतळा उभारला की फुल्यांचे प्रश्नही नगराने स्वीकारले असे होईल, हे त्यांनी नेमके ओळखले होते. त्या अर्थाने, आज निमूटपणे हार घालणाऱ्या आपल्यापेक्षा त्या विरोधकांनीच फुल्यांना अधिक गंभीरपणे घेतले होते, असे म्हणावे लागते.

दुसरा प्रसंग २५ जून १९३४ चा. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींना पुणे नगरपालिका मानपत्र देणार होती. त्याच विश्रामबागवाड्याजवळ, ते बसलेले आहेत असे समजून एका मोटारीवर बाँब फेकण्यात आला. गांधीजी मागच्या मोटारीत असल्याने वाचले. नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यांसह काही जण जखमी झाले. बाँब फेकणाऱ्या त्या अज्ञात माणसाबद्दल गांधीजींनी करुणाच व्यक्त केली. आपल्याला मात्र येथे दुसरीही एक गोष्ट दिसली पाहिजे. त्या दिवशी सन्मान करणाऱ्यांचेही रक्त सांडले होते.

तिसरा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखतचा. ज्याला आपण ओंकारेश्वराचा पूल म्हणतो, त्याचे अधिकृत नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल असे आहे. १९०६ साली अस्पृश्योद्धारासाठी मिशन काढणाऱ्या महर्षींचे नाव शहराने पुलाला दिले, पण ते आपल्या तोंडी रुळले नाही. त्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे सनदशीर मार्गाने पाठपुरावा केला, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला. डिसेंबरात कायदा झाला आणि २०१४ साली मरणोत्तर पद्मश्री आली. यांपैकी खरा गौरव कोणता, हे वेगळे सांगावयास नको. तो त्यांच्या हयातीत का झाला नाही, हे मात्र विचारावयास हवे.

प्रतीकांनाही मोल असते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो आम्हांस मान्य आहे. १९२५ चा विरोध हाच त्याचा पुरावा. आमची तक्रार पुतळ्यांबद्दल नाही, ते बसवून मोकळे होण्याबद्दल आहे. या तक्रारीतून आम्ही अध्यापकही सुटत नाही. २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या छायेत आम्ही फुले शिकवतो ते 'थोडक्यात टिपा लिहा' या प्रश्नापुरते. पाच गुणांची टीप लिहिताना विद्यार्थ्याला काहीच उचलावे लागत नाही.

म्हणून एक साधी सूचना. येत्या २८ नोव्हेंबरला, फुल्यांच्या स्मृतिदिनी, प्रतिमापूजनाला दहा मिनिटे द्यावीत आणि उरलेल्या तासात १९२५ चा तो वाद वर्गात दोन्ही बाजूंनी मांडावा. त्या सभागृहात आपण असतो तर हात कोणत्या बाजूने वर केला असता, हे विद्यार्थ्यांना विचारावे. त्याआधी ते आपण स्वतःला विचारावे.